वाडीच्या खोलीतली गाठ

समन्स घेऊन आलेला हवालदार दाराशी उभा राहिला, तेव्हा वसंतराव सोनकुसरे गॅसची कळ दुसऱ्यांदा तपासत होते. पहिल्या वेळी ती बंद होती. दुसऱ्या वेळीही ती बंदच निघाली, आणि मगच ते बाहेर आले. कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून पाहणे, पत्र टाकल्यावर पेटीच्या तोंडात बोटे घालून पाहणे आणि पायजम्याच्या नाडीला एक वेढा जास्तीचा देणे या त्यांच्या सवयी प्रेमलताबाईंनी चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात, निमूटपणे नव्हे, पण अखेरीस मान्य केल्या होत्या.

"साक्षीसाठी बोलावलं आहे," हवालदार म्हणाला. "वाडीवाली केस. तुम्ही पंच होते न जी?"

वसंतराव होते. बारा वर्षांपूर्वी नागपुरातल्या एका आठवडी बाजारात बॉम्बस्फोट झाला आणि नऊ माणसे गेली. पंधरा दिवसांनी पोलिसांचा तपास शहराच्या वेशीवरच्या वाडीतल्या एका भाड्याच्या खोलीपर्यंत पोहोचला, आणि झडती घेताना हजर राहतील असे दोन प्रतिष्ठित नागरिक त्यांना हवे झाले. भर दुपारी, अमरावती रोडवर, मालमोटारींच्या रांगांमध्ये प्रतिष्ठित नागरिक सहसा सापडत नाहीत. शेजारच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून असलेले वसंतराव डबा खाताना सापडले आणि समोरच्या टपरीवर चहा उकळणारा दुर्गेश सापडला. खोलीतल्या खाटेखालून चार गजराची घड्याळे, वायरींची भेंडोळी आणि दोन किलो खिळे निघाले. ते सारे मांजरपाटात गुंडाळून सुतळीने बांधायचे होते. पण शिपायाने मारलेली गाठ तीनदा सुटली. तेव्हा वसंतराव पुढे झाले. "सरका जी," ते म्हणाले, "मी उमरेडचा कोष्टी आहे. सुतळी माह्या हातात द्या." त्यांनी गाठ बांधली. तिच्यावर लाख ओतली गेली, लेबल चिकटवले गेले, दोघांच्या सह्या झाल्या, आणि वसंतराव उरलेला डबा संपवायला परत गेले.

समन्स मिळाल्यानंतर चार दिवसांनी ते सदर भागात सरकारी वकील अबोली देवपुजारी यांच्या कार्यालयात जाऊन बसले. अबोलीताई पस्तिशीच्या, बोलण्यात मोजक्या आणि चेहऱ्यावरून दमलेल्या दिसत होत्या. दमण्याचे कारण दुर्गेश होता. मागच्या महिन्यात त्याने न्यायालयात सांगितले होते, "मी चहा देऊन राहिलो होतो, साहेब. पाहून नव्हतो राहिलो." सही कशावर केली हेही त्याला आठवत नव्हते.

"म्हणजे आता पंच म्हणून तुम्ही एकटेच," त्या म्हणाल्या. "तो गठ्ठा त्या खोलीतलाच आहे हे सिद्ध झालं नाही, तर आरोपींचा त्याच्याशी संबंध जोडता येत नाही. मग बाकी पुराव्याला फारसा अर्थ उरत नाही."

"लेबलवर माही सही आहे न."

"लेबल उंदरांनी खाल्लं. डिंक होता त्याला."

"लाख?"

"वितळली. मुद्देमालाच्या खोलीवर टिनाचं छप्पर आहे. अशा बारा मे महिन्यांत लाख टिकत नाही."

"मग राहिलं काय?"

"गाठ," अबोलीताई म्हणाल्या. "प्रयोगशाळेनं नियमाप्रमाणे तिला हात न लावता सुतळी दुसऱ्या बाजूनं कापली. गाठ तशीच आहे. साक्षीच्या आधी ती तुम्हाला दाखवता येत नाही. कोर्टात पाहा. ओळखलीत तर ओळखली म्हणा, नाही ओळखलीत तर नाही म्हणा. एक अक्षर खोटं बोलू नका."

वसंतरावांचा चेहरा उजळला. "मॅडम, तुम्ही फिकरच सोडा," ते म्हणाले. "उमरेडात माह्या गाठीले लोक पाहायले येत. कापडावर हात फिरवा, सापडणार नाही."

हे ते चाळीस वर्षांहून अधिक काळ सांगत आले होते. बाविसाव्या वर्षी त्यांनी हातमाग सोडला आणि नागपूरला येऊन नोकरी धरली. पुढे दोन वर्षांनी लग्न झाले. त्यांना मागावर बसलेले पाहणारे आता कोणी उरले नव्हते, आणि त्यामुळे त्यांची कीर्ती निर्वेधपणे वाढत गेली होती. पहिली काही वर्षे ही गोष्ट सांगताना त्यांना थोडे अवघडल्यासारखे होई. नंतर ते अवघडणे थांबले. आता तर ती त्यांना स्वतःलाच आठवल्यासारखी वाटत असे.

योगायोगाने याच कीर्तीला त्या महिन्यात फळ येणार होते. शहरातल्या विणकर मंडळाचे अध्यक्ष बाबनराव निमजे हे ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ स्वतः घरी येऊन सांगून गेले होते. "वसंता, रविवारी तुहा सत्कार आहे. ज्येष्ठ विणकर म्हणून. शाल, नारळ अन् मानपत्र. खऱ्याखुऱ्या मागावर बसलेली माणसं आता राहिली किती गा?"

साक्षीची तारीख त्या रविवारच्या आधीचा गुरुवार होती.

घरात तयारी सुरू झाली. नात ऋतुजा कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने जेवणाच्या टेबलाची खुर्ची उलटी ठेवून साक्षीदाराचा पिंजरा केला आणि अंगात काळा कोट घालून आजोबांचा उलटतपास घेऊ लागली.

"त्या दिवशी डब्यात काय भाजी होती?"

"वांग्याची," वसंतराव खुर्चीची पाठ घट्ट धरून म्हणाले.

"वांग्याची नव्हती," स्वयंपाकघरातून प्रेमलताबाई म्हणाल्या. "गुरुवार होता. गुरुवारी मी वांगं करत नाही."

"म्हणजे साक्षीदाराला भाजी आठवत नाही," ऋतुजा म्हणाली, "पण गाठ आठवते."

वसंतरावांनी कपाळ पुसले. "हा बचावाचा वकील लय खराब माणूस दिसते वं."

"खराब काहून, आबाजी? त्यानं विचारलंच नाही तं कोणालेही धरून आत टाकतील. मग खरा तो बाहेरच फिरत राहीन."

"तू बस," प्रेमलताबाई हात पुसत बाहेर आल्या. "मी घेते उलटतपास. चव्वेचाळीस वर्षं तेच करून राहिली." आणि खुर्चीसमोर उभ्या राहून त्यांनी विचारले, "इतकी सुंदर गाठ येत होती, तं माग काहून सोडला?"

वसंतरावांनी खुर्चीची पाठ सोडली. मग गॅस बंद आहे की नाही ते पाहून येतो, असे सांगून आत गेले.

ऋतुजाने त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली होती. बचावाचा वकील एखादे विधान करतो आणि साक्षीदाराने ते नाकारले की न्यायालयाच्या कागदावर ते 'हे म्हणणे खरे नाही की' अशा ठरावीक वाक्यात उतरते. वसंतरावांनी या वाक्याचा इतका सराव केला, की ते घरभर पसरले. "हे म्हणणे खरे नाही की दूध मी उतू घातले," असे ते सकाळी म्हणत. "हे म्हणणे खरे आहे की दोन पोळ्या उरल्या होत्या," प्रेमलताबाई उत्तर देत, "त्या कोणी खाल्ल्या हे मला आज सांगता येणार नाही." बुधवारी गवळ्याला दुधाबद्दल छेडले असता तोही गंभीरपणे म्हणाला, "हे म्हणणे खरं नाही जी, का यात पाणी आहे." तेव्हा ऋतुजाने सराव बंद केला.

गुरुवारी न्यायालयाच्या व्हरांड्यात अंजनाबाई बसल्या होत्या. त्यांना तिथे सगळेच ओळखत. भाजी विकणाऱ्या या बाईंनी बारा वर्षांत एकही तारीख चुकवली नव्हती. स्फोटाच्या दिवशी त्या पाणी प्यायला उठल्या होत्या आणि दुकानावर धाकटी बहीण कौसल्या बसली होती, एवढेच त्या कोणी विचारले तर सांगत. प्रत्येक तारखेची चिठ्ठी त्या कापडी पिशवीत जपून ठेवत, आणि दुसऱ्या पिशवीत फुटाणे असत.

त्यांनी वसंतरावांपुढे फुटाण्यांची मूठ धरली. "तुम्ही पंच न?"

"हो जी."

"घाबरू नका. जे पाह्यलं तेच सांगा." मग त्या म्हणाल्या, "माह्याकडे पाहून नका सांगू. मागं त्या चहावाल्या पोरानं माह्याकडे पाह्यलं अन् तो रडायले लागला. मग काही सांगतलंच नाही त्यानं. मी तिकडं भिंतीकडे पाहत जाईन."

वसंतरावांनी फुटाणे घेतले, पण तोंडात टाकले नाहीत. पुकारा होईपर्यंत ते मुठीतच राहिले, आणि शपथ घेताना कोणत्या हातात ठेवावेत हा प्रश्न पडल्यामुळे त्यांनी ते शेवटी कोटाच्या खिशात सोडले.

न्यायालय भरलेले होते. आरोपी दोघे तुरुंगातून पडद्यावर दिसत होते. मागच्या बाकांवर प्रेमलताबाई आणि ऋतुजा होत्या, अगदी शेवटी अंजनाबाई, आणि मधल्या बाकावर बाबनराव निमजे, कारण आपला सत्कारमूर्ती सरकारच्या बाजूने बोलणार हे मंडळाने पाहायलाच हवे असे त्यांचे मत होते.

अबोलीताईंनी सरतपास सुरू केला. झडती, खाट, घड्याळे, खिळे, सारे वसंतरावांनी नीट सांगितले. मग अबोलीताईंनी विचारले, "गठ्ठ्याची गाठ कोणी बांधली?"

'मी' एवढेच उत्तर पुरे होते. पण मधल्या बाकावर बाबनराव कानाशी हात धरून ऐकत होते.

"मी बांधली जी," वसंतराव म्हणाले. "विणकराची गाठ. मागावर ताण्याचा धागा तुटला का आम्ही तशी बांधतो. एकदम सपाट. मागाच्या फणीतून सरकन निघून जाते, हाताले लागत नाही. माही गाठ तं कापडात कुठं आहे हे मले पण सापडत नव्हतं."

अबोलीताईंनी हात किंचित वर केला, पण उशीर झाला होता. न्यायाधीश लघुलेखकाला सांगू लागले होते, "लिहा. मी सपाट गाठ बांधली. ती हाताला लागत नाही."

मग गठ्ठा आणला गेला. लिपिकाने पोते सोडले, आतला पिवळा पडलेला मांजरपाट बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. वर सुतळी होती आणि सुतळीच्या मधोमध गाठ होती. ती सपाट नव्हती. तिसऱ्या बाकावरूनही ती सहज दिसत होती.

वसंतरावांनी ती पाहिली आणि त्याच क्षणी ओळखली. आपला हात माणसाला कसा ओळखू येतो हे सांगणे कठीण आहे. पण बाराखडीतल्या स्वतःच्या अक्षरासारखी ती त्यांच्याकडे पाहत होती. मधला उंचवटा, एका बाजूला कललेला जास्तीचा वेढा. सेहेचाळीस वर्षांपूर्वी उमरेडच्या कारखान्यात मालकाने धोतराच्या पानावर बोट फिरवून अशाच अकरा गाठी मोजल्या होत्या आणि त्यांच्या वडिलांना बाजूला नेऊन काही सांगितले होते. वडील त्यांना घरी घेऊन आले. मग म्हणाले होते, "तू नोकरी पाहा."

बचावाचे वकील विक्रम मोहरील उठले. ते सौम्य, नीटनेटके गृहस्थ होते आणि साक्षीदाराशी कधी आवाज चढवत नसत.

"सोनकुसरेजी, आपली गाठ हाताला लागत नाही, असं आपण आत्ताच सांगितलंत."

"हो जी."

"या गाठीवर जरा बोट फिरवाल?"

वसंतरावांनी फिरवले.

"लागते?"

"लागते जी."

"बोराएवढी आहे, असं म्हटलं तर चालेल?"

"लहान बोर," वसंतराव म्हणाले.

"लिहा," न्यायाधीश म्हणाले, "लहान बोराएवढी."

"विणकर मागावर अशी गाठ बांधतो का?"

"नाही जी. फणीत अडकते."

"मग माझं म्हणणं असं आहे," मोहरील शांतपणे म्हणाले, "की ही गाठ आपण बांधलेली नाही. आणि म्हणून हा गठ्ठा त्या खोलीतला नाही."

ज्या वाक्याचा घरभर सराव झाला होता ते वाक्य आता ओठांवर यायला हवे होते. ते आले नाही. वसंतरावांनी समोर पाहिले. बाबनराव मान हलवत होते. अशी गाठ कोणत्याही कोष्ट्याची असू शकत नाही, याबद्दल त्यांचे बचावाशी पूर्ण एकमत दिसत होते. ही गाठ माझी नव्हे, एवढे म्हटले की रविवारची शाल सुरक्षित होती. चाळीस वर्षांची बढाईही सुरक्षित होती. अबोलीताई कागदावर एकाच जागी पेनाने टिंब देत होत्या. शेवटच्या बाकावर अंजनाबाई कबूल केल्याप्रमाणे भिंतीकडे पाहत होत्या. तिथे पाहण्यासारखे काहीच नव्हते, आणि तरीही त्या फार लक्षपूर्वक पाहत होत्या.

"हे म्हणणे," वसंतराव म्हणाले आणि थांबले. "ही गाठ माहीच आहे जी."

"पण आपली गाठ सपाट असते."

"नसते."

"मग आत्ता सांगितलंत ते?"

"ते खोटं."

न्यायाधीशांनी मान वर केली. "शपथेवर खोटं बोललात?"

"हो जी. चाळीस-पंचेचाळीस वर्षं बिनाशपथेचं बोलून राहिलो होतो. सवय झाली. आज शपथ आहे हे ध्यानातच आलं नाही." त्यांनी घसा साफ केला. "मले माग येत नव्हता, साहेब. माह्या गाठी अशाच होत. कापडाले फोड आल्यासारख्या. मालकानं काढून टाकलं. मी सोडला नाही, मले काढलं."

मधल्या बाकावरून बाबनराव मोठ्याने म्हणाले, "बाप रे."

"शांतता," न्यायाधीश म्हणाले.

मोहरील हे अनुभवी वकील होते, आणि हाती आलेली गोष्ट त्यांनी सोडली नाही. "जो साक्षीदार घटकाभरापूर्वी शपथेवर एक खोटं सांगतो, त्याच्या दुसऱ्या वाक्यावर कोर्टानं का विश्वास ठेवावा?"

"पहिलं खोटं माह्या मोठेपणासाठी होतं जी," वसंतराव म्हणाले. "या खऱ्यात माहा काय फायदा? रविवारी शाल भेटणार होती, ते पण गेली. ते पाहा, अध्यक्ष इथंच बसून आहेत."

सगळ्यांनी बाबनरावांकडे पाहिले. बाबनरावांनी छताकडे पाहिले.

अबोलीताई उठल्या. साक्षीदाराला इथेच एक गाठ बांधून दाखवू द्यावी, अशी विनंती त्यांनी केली. मोहरील यांनी तत्काळ हरकत घेतली: समोर नमुना पाहिल्यावर कोणीही नक्कल करील. न्यायाधीशांना हरकत योग्य वाटली. "हा गठ्ठा पाहण्याआधी बांधलेली गाठ असती तर गोष्ट वेगळी होती," ते म्हणाले.

"चष्मा पाहा न," मागून प्रेमलताबाई म्हणाल्या.

"बाई, खाली बसा."

"बसते. पण चष्मा पाहा."

वसंतरावांच्या चष्म्याला काळी दोरी होती आणि ती मानेमागे गाठ मारलेली होती. न्यायाधीशांनी त्यांना वळायला सांगितले. वसंतराव पाठमोरे झाले. मागच्या बाकांवरची माणसे माना उंचावून पाहू लागली. काळ्या दोरीच्या मधोमध, एका बाजूला कललेले, एक लहान बोर होते.

"ही कधी बांधली?" न्यायाधीशांनी विचारले.

"मागच्या दिवाळीत जी."

"आणखी कुठे अशा गाठी आहेत?"

"सगळीकडेच आहेत जी. डब्याच्या पिशवीले आहे, तिच्याजवळ. सकाळी घरून निघताना बांधली. अन् एक आहे, पण ती जरा—" वसंतरावांचा हात कोटाखाली, पायजम्याच्या नाडीकडे गेला.

"नको," न्यायाधीश म्हणाले. मग लघुलेखकाकडे वळून म्हणाले, "हे लिहू नका."

प्रेमलताबाईंनी डब्याची पिशवी पुढे पाठवली. मोहरील यांनी टेबलाशी येऊन तिन्ही गाठी भिंगाखाली ठेवल्या आणि बराच वेळ वेढे मोजले. पडद्यावरचे दोन्ही आरोपीही नकळत पुढे वाकून पाहू लागले. गठ्ठ्याच्या गाठीत तीन वेढे होते, चष्म्याच्या तीन, पिशवीच्या तीन. आणि तिसरा वेढा तिन्ही ठिकाणी उलट्या दिशेने गेला होता, जो कोणत्याही शहाण्या माणसाने मुद्दाम दिला नसता.

"हा तिसरा कशासाठी?" मोहरील यांनी विचारले. पुढे ऋतुजाने घरी सांगितले, की उलटतपासात कधीही 'कशासाठी' विचारू नये हे त्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात. पण त्या वेळी मोहरील यांना खरोखर जाणून घ्यायचे असावे.

"सुटंल म्हणून भेव वाटते जी," वसंतराव म्हणाले.

"आणि सुटली का कधी?"

"नाही जी. कधीच नाही. म्हणूनच तं नोकरी गेली."

मोहरील यांनी भिंग खिशात ठेवले. "आणखी प्रश्न नाहीत," ते म्हणाले आणि खाली बसले.

न्यायाधीशांनी गठ्ठा, पंचासमोर बांधलेला तोच गठ्ठा म्हणून, पुराव्यात दाखल करण्याचा आदेश दिला. तुलनेसाठी डब्याच्या पिशवीचा बंद आणि चष्म्याची दोरीही जमा झाली. लिपिकाने कात्रीने दोरी गाठीपासून दूर, नियमाप्रमाणे कापली आणि पाकिटात घातली. वसंतराव एका हाताने चष्मा नाकावर धरून उभे राहिले. डब्यातला वरणाचा डबा उघड्या पिशवीत कलंडला होता, आणि त्याची नोंद मात्र कोणी घेतली नाही.

मग जबाब वाचून दाखवण्यात आला. लिपिकाचा आवाज सपाट होता.

"हे म्हणणे खरे आहे की मी सरतपासात माझ्या गाठीबद्दल खोटे सांगितले. हे म्हणणे खरे आहे की मी वाईट विणकर होतो. हे म्हणणे खरे आहे की मला कामावरून काढून टाकले. हे म्हणणे खरे नाही की सदर गाठ माझी नाही."

"एक मिनिट जी," वसंतराव म्हणाले. "'वाईट' असं मी म्हटलं नव्हतं. 'साधारण' लिहिलं तं चालेल काय?"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले, मग टेबलावरच्या गाठीकडे पाहिले. खरे तर दुरुस्ती करण्यास त्यांची हरकत नसावी. त्यांचा हात पेनाकडे गेलाही होता. पण वसंतरावांनीही गाठीकडे पाहिले.

"राहू द्या," ते म्हणाले. "वाईटच बरोबर आहे."

त्यांनी सही केली. मग पानाच्या मागे शाई उमटली आहे का ते पाहिले, आणि पुढे येऊन सही जागेवर आहे का ते पुन्हा एकदा पाहिले.

शेवटच्या बाकावर अंजनाबाईंनी भिंतीवरची नजर काढली. त्या वसंतरावांकडे पाहून हसल्या नाहीत. फक्त फुटाण्यांची पिशवी उघडून पुढच्या बाकावरच्या प्रेमलताबाईंपुढे धरली.

व्हरांड्यात बाबनरावांनी वसंतरावांना गाठले. "काहून गा वसंता," ते म्हणाले, "मानपत्र छापून झालं न."

"मले माहीत आहे जी. दुसऱ्या कोणाले द्या."

"दुसऱ्याचं नाव वसंत सोनकुसरे आहे काय? फ्रेमसुद्धा केली. अन् नारळ आणला आहे." बाबनराव काठी टेकून विचार करत राहिले. "तीन वेढे," ते स्वतःशीच म्हणाले. "तिसरा उलटा. साठ वर्षं मागावर बसलो, पण असं काही पाह्यलं नाही. तुह्या बापाचं काय झालं असन रे."

रविवारी सत्कार झाला. मानपत्रातल्या 'ज्येष्ठ विणकर' या शब्दांवर मंडळाने कागदाची पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर बाबनरावांच्या थरथरत्या अक्षरात 'ज्येष्ठ साक्षीदार' असे लिहिले होते. पट्टी थोडी तिरकी होती आणि खालचे शब्द वाचता येत होते. शाल देताना बाबनराव भाषणात म्हणाले, की वसंतरावांचे मागावरचे काम समाजाने विसरावे हेच बरे, पण गुरुवारचे विसरू नये. टाळ्या बऱ्याच वाजल्या. प्रेमलताबाईंनी घरी आल्यावर शालीची दोन्ही टोके तपासली आणि विणकाम चांगले आहे, असा अभिप्राय दिला. वसंतराव म्हणाले, "मले त्यातलं काय समजते?" आणि असे म्हणताना त्यांना इतके हलके वाटले, की पुढच्या आठवड्यात ते वाक्य त्यांनी आणखी सहा जणांना ऐकवले.

निकाल सात महिन्यांनी लागला. दोघांना जन्मठेप झाली. निकालपत्रात साक्षीदार क्रमांक एकतीसच्या गाठीवर दीड पान होते. ऋतुजाने ते मोठ्याने वाचले. 'सदर साक्षीदाराचे विणकामातील अकौशल्य निर्विवाद आहे' हे वाक्य प्रेमलताबाईंनी दुसऱ्यांदा वाचायला लावले. चष्म्याची दोरी मात्र अपिलाचा निर्णय होईपर्यंत परत मिळणार नव्हती. प्रेमलताबाईंनी नवी दोरी बांधून दिली होती, सुबक आणि सपाट. ती दोनदा सुटून चष्मा एकदा आमटीत पडला होता.

त्या संध्याकाळी अंजनाबाई आल्या. त्यांनी ओसरीवर कापडी पिशवी उपडी केली. बारा वर्षांच्या तारखांच्या चिठ्ठ्या होत्या, काही पिवळ्या, काही पावसात भिजून वाळलेल्या. त्यांनी त्या हाताने एका रुमालावर रचल्या आणि रुमालाची टोके जुळवली. मग कमरेला खोवलेली सुतळी काढून वसंतरावांकडे दिली.

"बांधून द्या," त्या म्हणाल्या. "आता खोलायची नाही."

वसंतरावांनी सुतळी घेतली. पहिला वेढा दिला, दुसरा दिला. तिसऱ्यापाशी त्यांचा हात थबकला, कारण प्रेमलताबाई आणि ऋतुजा दोघी पाहत होत्या.

"थांबले काहून?" अंजनाबाई म्हणाल्या. "द्या न तो."

त्यांनी दिला. अंजनाबाईंनी गाठीवर बोट फिरवले, दोन्ही टोके ओढून पाहिली, आणि मग पुन्हा एकदा ओढून पाहिली.